आक्काची बाग

बाग मी केली. हे आधी सांगून टाकते, कारण एकदा बोलायला लागलं की विषय तिच्याकडं वळतो आणि माझं राहूनच जातं. पारनेर तालुक्यातल्या एका रस्त्यावरच्या गावात, एसटी थांब्याला लागून ग्रामपंचायतीची बाग आहे. ती जागा मोजून मी घेतली. तिच्यावरचं अतिक्रमण मी काढलं, शिव्याही मीच खाल्ल्या. प्रस्ताव माझा, कारंजं माझं, फरसबंदी माझी, गुलाबाची रोपं मी स्वतः नगरहून मांडीवर धरून आणली. आणि आज तिथं उतरून कुणालाही विचारा, तो बोट दाखवून सांगेल, "ती व्हय? आक्काची बाग हाय ती."

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर लोक बघायला जातील आणि परत तिचंच नाव होईल.

आक्का म्हणजे रूथ साळवे. आम्ही दोघी ग्रामसेवक म्हणून एकाच वेळी लागलो आणि पुढं ग्रामविकास अधिकारीही एकाच यादीत झालो. आमच्याकडं ग्रामसेवकाला गाव भाऊसाहेब म्हणतं. तिथं बाई आली तर काय म्हणावं हे गावांना अजून नीट सुचलेलं नाही, म्हणून मॅडम म्हणतात. मी उभ्या नोकरीत मॅडम राहिले. रूथ मात्र कुठल्याही गावात गेली की महिन्याभरात आक्का व्हायची. म्हातारी माणसंही आक्का म्हणायची, सरपंचही, आणि एकदा तर खुद्द आमचे बीडीओ साहेब बैठकीत "आक्का, तुमचा अहवाल राहिलाय" असं म्हणून गेले. माझा अहवाल आठ दिवस आधीच टेबलावर होता. त्यावर ते काहीच म्हणाले नाहीत.

ती उंच, सावळी, हाडापेरानं मोठी होती. सोनईच्या बाजूला तिचे वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते. लहानपणापासून चर्चमध्ये पुढं उभी राहून गायलेली, त्यामुळं हळू बोलायचं असतं हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. साड्या झेंडूच्या नाहीतर जांभळाच्या रंगाच्या. डोळ्यांवर काळा गॉगल, आणि तोही डॉक्टरनं सांगितलेला वगैरे नाही, निव्वळ हौसेचा. "ग्रामसेविकेनं गॉगल घालून गावात फिरावं का?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "सुमन, ऊन काय पगार बघून लागतं का गं?" आणि माझ्याच डोळ्यांवर चढवून बघितला. "तुला न्हाई शोभत," असंही वर म्हणाली.

मासिक बैठकीला ती कायम उशिरा यायची. आली की आधी माझा डबा उघडायची. माझ्या भाजीत तिखट कमी असतं हे सगळ्यांसमोर सांगायची आणि तीच भाजी पुसून खायची. तिचं दप्तर म्हणजे आनंदीआनंद होता. मागच्या सभांचे कागद ती तांदळाच्या पोत्यात ठेवायची. मोजमाप विचारलं तर "दोन बैलगाड्या आरामात वळतील एवढी जागा" असं सांगायची. त्या दोन बैलगाड्यांचे चौरस मीटर मी करून द्यायचे. "तुझं अक्षर किती सुंदर आहे गं, माझं बघ, कोंबडी नाचल्यासारखं," असं ती लाडानं म्हणायची आणि मी बसायचे तिचे प्रस्ताव लिहीत. आपलं काम बाजूला ठेवून तिचं करायचं, वर तिचं कौतुक ऐकायचं. माझा जळफळाट व्हायचा, आणि तरी पुढच्या वेळी ती खुर्ची ओढून बसली की मी पेन काढायचे.

हे सगळं सुरू झालं प्रशिक्षणातच. गावाच्या गरजा कशा ओळखाव्यात, असा विषय होता. आम्हाला जवळच्या एका गावात सोडलं. मी घरोघर हिंडले, प्रश्न विचारले, पायांना फोड आले. रूथ गायब. संध्याकाळी गाडीत बसायची वेळ झाली तेव्हा ती एसटीच्या थांब्यावर म्हाताऱ्यांच्या घोळक्यात शेंगा खात बसलेली सापडली. दुसऱ्या दिवशी एकेकानं उभं राहून सांगायचं होतं. मी पाणी, गटार, रस्ता, दिवाबत्ती, सगळं क्रमानं सांगितलं. सरांनी "ठीक" म्हटलं. मग रूथ उठली आणि म्हणाली, "सर, या गावात दिवस कलला की सगळे एसटी बघायला येतात."

सर म्हणाले, "कुठं जायला?"

"कुठंच न्हाई. नुसती बघायला. कोण उतरलं, कुणाच्या हातात काय आहे, कुणाची लेक रुसून आली. गाडी गेली की गप्पा मारत घरी जातात. त्यांची करमणूक तीच आहे. पण बसायला काही नाही, उभेच असतात बिचारे. तिथं बाक टाका."

सर खूप हसले, आणि मग हसायचं थांबून म्हणाले, "याला म्हणतात गरज ओळखणं." शेवटच्या दिवसापर्यंत सर त्या एसटीचं उदाहरण देत राहिले. माझ्या फोडांचं कुणाला काही नव्हतं.

आता हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. दरवर्षी प्रत्येक गावाचा विकास आराखडा करावा लागतो. ग्रामसभा घ्यायची, लोकांना काय हवं ते विचारायचं, त्याचा कागद वर पाठवायचा. त्यात पाणी येतं, शाळा येते, दवाखाना येतो आणि अगदी शेवटी क्रीडा व करमणूक. तिथं आमच्यातले बहुतेक भाऊसाहेब एक आडवी रेघ मारून मोकळे होतात. आणि लोकांना विचारलंच तर ते सभामंडप सांगतात. एक सभामंडप असेल तर दुसरा सांगतात. रूथ म्हणायची, "काय पाहिजे हे विचारूच नये. विचारलं की माणूस शहाण्यासारखं बोलायला लागतो. रिकामा असतो तेव्हा कुठं टेकतो ते बघावं." हे ती इतक्या वेळा म्हणायची की मला पाठ झालं. पाठ झालं म्हणून जमतं असं मात्र नाही.

पुढं आम्ही दोघी पाथर्डी तालुक्यात शेजारशेजारच्या गावांना होतो. तिकडं दिवाळी झाली की जीपा आणि ट्रॅक्टर येतात आणि माणसं ऊसतोडीला जातात ती पार पाडव्यापर्यंत. घरांना कुलपं, मागं म्हातारी आणि नातवंडं. आणि आमची आराखड्याची ग्रामसभा नेमकी त्याच दिवसांत. वर्षानुवर्षं तशीच होत आलेली. मीही घेतली. हजर होते त्यांनी सभामंडप सांगितला, मी तो लिहिला, आणि माझा आराखडा तालुक्यात पहिला गेला. रूथचा रखडला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

एका रविवारी चर्चहून ती थेट माझ्या दारात आली. म्हणाली, "चल, माझ्या गावाची सभा घ्यायचीय."

"गावात आहे कोण?"

"गावात न्हाई. गाव उसात गेलंय, आपणही तिथं जाऊ."

नेवाशाकडच्या एका कारखान्याच्या तळावर आम्ही गेलो. उसाच्या पाचटाच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, दावणीला बैल, आणि उसाची गाडी भरून देऊन आलेल्या बाया चुलीपुढं. रूथनं गॉगल डोक्यावर सरकवला, झेंडूच्या रंगाची साडी सावरत खाली फतकल मारली आणि कुणाच्या तरी सुपातला लसूण सोलायला घेतला. मी वही काढली तर डोळ्यांनीच ती आत ठेवायला सांगितली.

"घरी आल्यावर सांजच्याला काय करता गं?" तिनं विचारलं.

कौसल्या नावाची एक बाई होती, रूथच्याच गावची. ती म्हणाली, "काय करावं आक्का? गडी पारावर जात्यात. पोरं मैदानात. आमी दारात टेकलो की सासू म्हनती, काम सपलं का? मंग सुपात तांदूळ घेऊन बसायचं. निवडल्यालंच परत निवडायचं."

सगळ्या हसल्या. मग दुसरी, तिच्यापेक्षा लहान, भाकरी उलटता उलटता म्हणाली, "खरं सांगू का आक्का, काम लई हाय, पन हितंच बरं वाटतं. हितं समद्याजनी एका जागी तरी असतो."

रूथ लसूण सोलत राहिली.

त्या वर्षी तिच्या गावात पाण्याच्या टाकीमागं लिंबाच्या सावलीत एक लांबलचक ओटा झाला, रस्त्याकडं पाठ करून. बायकांना बसायचा ओटा, असं काही कुठल्या योजनेत बसेना. म्हणून मी तिला "कपडे धुण्याचा ओटा" असं लिहून दिलं. लेखापरीक्षणाला आलेले साहेब म्हणाले, "धुण्याच्या ओट्याला नळ कुठाय?" रूथ म्हणाली, "पाणी आलं की लावू, साहेब. तोवर बाया वाट बघत बसतात." साहेब हसले, आणि तो शेरा तिथंच मिटला. माझ्या दप्तरात एका सहीच्या तारखेत खाडाखोड झाली होती, तर तेच साहेब माझ्यापुढं तासभर मान हलवत होते.

ओट्याचा फोटो पेपरात आला. मधोमध गॉगल लावून रूथ, दोन्ही बाजूंना बाया, सगळ्यांचे दात दिसताहेत. तो पेपर आमच्या ऑफिसातल्या टेबलाच्या काचेखाली कितीतरी दिवस होता. मी रोज त्याच्यावर फाईल ठेवायचे आणि शिपाई रोज ती उचलायचा.

बदली होऊन पारनेर तालुक्यात आले तेव्हा ठरवूनच आले होते की आता आपणही करमणुकीचं काही करायचं. तिच्यासारखा ओटा-बिटा नाही, नीट काहीतरी. बघणाऱ्यानं बघत राहावं असं. अशी ती बाग झाली.

काय देखणी होती म्हणून सांगू. समोर रस्त्यावर कमान आणि लोखंडी फाटक, कारण पाहुणे रस्त्यानंच येणार. मध्ये कारंजं, त्याच्याभोवती कारंज्याकडं तोंड करून सिमेंटचे बाक. दोन्ही बाजूंना गुलाब. एका कोपऱ्यात व्यायामाची यंत्रं, निळी-पिवळी. फाटकाशी नियमांची पाटी, तीही माझ्याच अक्षरात रंगवून घेतलेली: फुलं तोडू नयेत, हिरवळीवर बसू नये, खाद्यपदार्थ आणू नयेत, जनावरं आणू नयेत. उद्घाटनाला कारंजं उडालं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर गावात टँकर सुरू झाला आणि कारंजं बंद ठेवावं लागलं, पण त्याला मी काय करणार?

लोक आले नाहीत. सुरुवातीला आले, फोटो काढले, मग आले नाहीत. यंत्रांवर कुणीतरी गोधड्या वाळत घातल्या. मी दंडाची नोटीस लावली. टवाळ पोरं बसायला लागली म्हणून संध्याकाळी फाटकाला कुलूप घालायला सांगितलं. सकाळी शिपायाला आठवण राहिली तर तो उघडायचा. मी ऑफिसच्या खिडकीतून बघायचे. स्वच्छ, सुंदर, रिकामी बाग. पाहणीला आलेले साहेब म्हणायचे, "वा, काय निगा ठेवलीय!" आणि मला रडू यायचं. मला त्या बागेत माणसं हवी होती. एवढंच हवं होतं, आणि तेवढंच होत नव्हतं.

माझी बदली शेजारच्या तालुक्यात झाली, आणि माझ्या जागी आली रूथ.

मी मनातल्या मनात म्हटलं, आता बघू. इथं ऊसतोडही नाही आणि लिंबाचं झाडही नाही. देवाची शप्पथ, तिनं हात टेकावेत असं मला फार वाटत होतं.

थोड्या दिवसांनी तिचा फोन आला. "सुमन, तुझी भिंत जरा पाडतेय गं मागून. रागवू नकोस."

"कुठली भिंत? का?"

"अगं, मागं गिरणी आहे ना. दळण टाकून बाया तुझ्या भिंतीला पाठ लावून उभ्या असतात. पलीकडून. रोज. तुला दिसल्या न्हाईत का?"

मला कशा दिसणार? माझी खिडकी समोरच्या बाजूला होती.

"मग फाटकातून येऊ दे त्यांना," मी म्हटलं.

"फाटकासमोर टपरी आहे. सगळे गडी तिथं. त्यांच्यापुढून बागेत बसायला कोण जाईल? तू जाशील?"

मी सांगितलं, हे नियमात बसत नाही. तर म्हणते कशी, "म्हणूनच तर तुला फोन केला. तू बसव ना." आणि रात्रीचं जेवण बाजूला ठेवून मी तिला "सुरक्षिततेच्या दृष्टीने पर्यायी प्रवेशमार्ग" असा सुरेख प्रस्ताव लिहून पाठवला. माझीच भिंत पाडायचा. इतका राग मला स्वतःचा कधी आला नव्हता.

भिंतीला वाट पडली आणि पहिल्यांदा आत शिरल्या त्या शेळ्या. माझे गुलाब त्यांनी बुडापासून खाल्ले. ही बातमी कळली त्या दिवशी मी घरी शिरा केला, वाईट वाटायच्या आधी बरं वाटलं म्हणून. पण शेळ्यांच्या मागं शेळ्यावाल्या आल्या, त्यांच्या मागं दळणवाल्या, त्यांच्या कडेवरची पोरं. पाटी काढून तिनं ती गिरणीच्या वाटेवरच्या चरावर साकव म्हणून टाकली. कोरड्या कारंज्यात पोरं लपाछपी खेळायला लागली. गोधड्या यंत्रांवर परत आल्या, आणि गोधड्या वाळेपर्यंत त्यांच्या मालकिणी बाजूला बसून राहिल्या. आणि सर्वांत कहर म्हणजे सिमेंटमध्ये पक्के बसवलेले माझे बाक तिनं उखडून उलटे फिरवले. कारंज्याकडं पाठ, एसटी थांब्याकडं तोंड.

"अगं, त्यांना गाडी बघायची असते," ती फोनवर म्हणाली. जसं काही मला ते नव्यानंच सांगतेय.

मी अधूनमधून त्या रस्त्यानं जायचे. दर वेळी ठरवायचे की बघायचं नाही, आणि दर वेळी मान वळायची. संध्याकाळी बाग गजबजलेली असायची. मळकट झाली होती, गुलाब एकही नव्हता, फरशीवर लेंड्या होत्या. आणि जागा शोधावी लागत होती. मी एवढं जिवाचं रान केलं तेव्हा हे का झालं नाही, हा प्रश्न मला घाटापर्यंत पुरायचा.

मग गुडघे फार दुखायला लागले म्हणून रूथनं मुदतीआधीच नोकरी सोडायचं ठरवलं. सोनईला बहिणीकडं राहायला जाणार होती. निरोपाला तिनं मला बोलावलं, आणि कार्यक्रम ठेवला कुठं, तर बागेत.

मी गेले. समोरच्या फाटकातून. सगळ्या बाया मागच्या वाटेनं आल्या होत्या, त्यामुळं मी एकटीच सगळ्यांच्या तोंडासमोरून चालत आले. सरपंच बोलले, एक-दोघी रडल्या. मग रूथ उठली. तिनं गॉगल काढला, मला हाताला धरून पुढं ओढलं आणि तिच्या त्या चर्चच्या आवाजात म्हणाली, "तुम्ही आक्काची बाग म्हणता, ते आधी बंद करा. ही बाग या बाईनं केलीय. मी काय केलं? एक भिंत पाडली, ती पण हिच्याच अक्षरात."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मला काय वाटलं ते सांगते. मोठेपणा तरी माझ्या वाट्याला ठेवायचा होतास गं, असं वाटलं. तोही तूच घेतलास.

पुढच्या बाकावर एक म्हातारी सुपारी कातरत बसली होती. तिनं मला खालून वर न्याहाळलं. खोचक वगैरे काही नाही, अगदी सरळ मनानं विचारलं, "व्हय? तुमी केली? मंग इतकं दिस कुलूप का हुतं, बाई?"

रूथ दुसरीकडं बघून पदरानं तोंड पुसत बसली.

दिवस कलला तशी एसटी आली. रूथची बॅग कुणीतरी वर चढवली, तिला दोघींनी काखेत धरून चढवलं. खिडकीत बसल्याबरोबर तिनं गॉगल लावला. माझ्याकडं बघून डब्याची खूण केली, म्हणजे आज डबा नाही आणलास, असं. सगळी बाग बाकांवर बसून गाडीकडं बघत होती. म्हातारी शेजारणीला म्हणाली, "सरक जरा, मॅडमला बसू दे." मी बसले. गाडी सुटली, खिडकीतला हात वळणापर्यंत हलत राहिला, आणि बाया नेहमीसारख्या घरी न जाता गाडी दिसेनाशी झाल्यावरही बसून राहिल्या.

माझी बदली झाली तेव्हा मीही याच गाडीनं गेले होते. खिडकीतच बसले होते. तेव्हा बाकांची तोंडं कारंज्याकडं होती.